छऱ्याच्या बंदुकीचा दम

२०२४ साली १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्राँझपदक मिळवलं आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या गप्पांत क्रिकेटच्या जोडीला नेमबाजी येऊन बसली आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, सराव आपल्या बालेवाडीला, नोकरी रेल्वेत. तो आपल्यातलाच वाटावा हे साहजिक आहे. त्याची स्पर्धा ५० मीटर रायफलची, म्हणजे दारूच्या काडतुसांची. पण या वाटेला लागणारं पोर आधी १० मीटरवर छऱ्याची बंदूक धरूनच उभं राहतं. आमच्या नात्यातल्या दोघा-तिघांनी बालेवाडीचा रस्ता धरला आणि ओघाने घरोघरी एक प्रश्न आला. घरी सरावाला छऱ्याची बंदूक घ्यायची तर कशावर चालणारी घ्यायची? स्प्रिंगची, गॅसच्या कुपीची, पंप मारायची, की नळकांड्यात हवा भरून ठेवायची? दुकानदार एक सांगतो, यूट्यूब दुसरंच सांगतं, आणि किमती ऐकून आई-बाप गप्प होतात.

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. पण वस्तू अशी का आहे हे कळायचं असेल तर ती तशी कशी होत गेली ते बघावं, ही आम्हा इतिहासवाल्यांची जुनी खोड. तेव्हा म्हटलं, हवेच्या बंदुकीचा इतिहास एकदा नीट मांडून बघू. तो मांडताना जे लक्षात आलं ते मला तरी गमतीचं वाटलं.

आधी सायकलच्या पंपापासून सुरुवात करू. पुण्यात वाढलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको. पंपाचा दांडा खाली दाबला की आतला दट्ट्या हवेला रेटतो. दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो, तो वाळला की हवा मागून निसटते, मग त्याला खोबरेल तेलाचं बोट लावायचं. भराभर पंप मारला की नळीचं बूड तापतं, हाही सगळ्यांचा अनुभव. हवा दाबली की तापते आणि दाब सुटला की झेप घेते. छऱ्याच्या बंदुकीत याहून वेगळं काही नाही. नळीच्या तोंडाशी ट्यूबऐवजी शिशाचा छर्रा ठेवलेला असतो इतकंच. प्रश्न एवढाच उरतो की हवा दाबायची कोणी, केव्हा, आणि दाबलेली हवा ठेवायची कुठे. हवेच्या बंदुकीचा सगळा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं.

सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे माणसाची छाती. बांबूच्या नळीतून फुंकर मारून बाण सोडणारे लोक आग्नेय आशियात आणि दक्षिण अमेरिकेत होते. त्यानंतरची पायरी लोहाराच्या भात्याची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जर्मनी-ऑस्ट्रियात अशा बंदुका होत्या की त्यांच्या लाकडी दस्त्यात चक्क चामड्याचा छोटा भाता बसवलेला असे. किल्ली फिरवून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की भाता झटक्यात मिटे आणि गोंड्याचा छोटा बाण पाटीवर जाऊन बसे. या बंदुका शिकारीच्या नव्हत्या, लढाईच्या तर नव्हत्याच. त्या दिवाणखान्यात खेळायच्या. जेवणं झाल्यावर पाहुण्यांनी आळीपाळीने नेम धरायचा. म्हणजे घरात छऱ्याची बंदूक हा काही आजचा शौक नाही. आणि घरासाठी तेव्हाच्या कारागिरांनी मुद्दाम दुबळा जोर निवडला होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

दुबळा मुद्दाम म्हणतो, कारण भरपूर जोराची हवेची बंदूकही त्याच काळात तयार झाली होती. बार्तोलोमेओ जिरांदोनी नावाच्या कारागिराने १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी ती बनवली. आपल्याकडचा हिशेब लावायचा तर वडगावच्या लढाईत इंग्रजांना मराठ्यांपुढे तह करावा लागला तो जानेवारी १७७९ मधला. म्हणजे नाना फडणविसांचा काळ. पलटणी ठासणीच्या बंदुका घेऊन उभ्या असायच्या. एक बार काढला की पुन्हा दारू, गोळी, गज, सगळा सोपस्कार. अशा काळात जिरांदोनीच्या बंदुकीत वीसेक गोळ्या एकदम भरता येत आणि एकामागून एक झाडता येत. धूर नाही, पावसात दारू भिजायची भीती नाही. बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती. ती काढून दुसरी भरलेली लावायची.

मग सगळ्या जगाने तीच का नाही घेतली? कारण ती टाकी हातपंपाने भरायला सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत! तिचे चामड्याचे वायसर सारखे ओले ठेवावे लागत, नाहीतर हवा गळे. टाक्या बनवणं अवघड, आणि शिपायाला वेगळं शिक्षण द्यावं लागे. हत्यार उत्तम, पण त्याच्यामागे एक आख्खा कारखाना चालत यायला हवा. १८१५च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्यातून ती गेली. अमेरिकेत लुइस आणि क्लार्क हे दोघे १८०४ ते १८०६ या काळात पश्चिम समुद्रापर्यंत जाऊन परत आले, त्यांच्याजवळ एक हवेची बंदूक होती. अभ्यासकांच्या मते ती बहुधा याच जातीची. वाटेतल्या टोळ्यांपुढे ते ती मुद्दाम झाडून दाखवत. धूर नाही, दारू नाही, आणि गोळी तर सुटते! लोक चकित होत. पण प्रवासभर ती मुख्यतः दाखवण्याचीच वस्तू राहिली.

या बंदुकीची मी जरा लांबण लावली याला कारण आहे. आज ‘पीसीपी’ म्हणून जी भरलेल्या हवेची रायफल लाख-लाख रुपये देऊन घेतात, तिची कल्पना जिरांदोनीच्या बंदुकीतलीच आहे. आणि तिचा त्रासही तोच आहे: बंदूक एक, पण तिला भरणारी व्यवस्था वेगळीच सांभाळावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगलं पोलाद स्वस्त झालं आणि स्प्रिंगची बंदूक आली. तिच्यात हवा साठवायचीच नाही. बंदूक मोडून, म्हणजे नळी खाली वाकवून, एक दणकट स्प्रिंग दाबून अडकवायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि छर्रा सुटतो. आपल्या जत्रांमध्ये, सर्कशीच्या आवारात फुगे फोडायला मिळायची ती हीच.

तिच्या प्रसाराची कथा मजेची आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या प्लिमथ गावात शेतकऱ्यांसाठी पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती. धंदा बसत चालला, तेव्हा १८८८ साली तिने चक्कीबरोबर एक धातूची छऱ्याची बंदूक भेट द्यायला सुरुवात केली. चक्की राहिली बाजूला, लोक बंदूकच मागू लागले. १८९५ साली कंपनीने आपलं नावच बदलून बंदुकीचं नाव घेतलं, डेझी! पुढे १९०५पासून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने स्प्रिंगची भक्कम एअर रायफल काढली. बीएसए म्हटलं की आपल्याला सायकल आठवते, पण त्या अक्षरांचा अर्थ आहे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बर्मिंगहॅमची छोटी शस्त्रं. पुढे आपल्याकडेही स्प्रिंगच्या बंदुका बनू लागल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेल्या इंडियन ह्यूम पाइप या सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या कंपनीनेही एअर रायफली बनवल्या. ‘आयएचपी’ हे नाव जुन्या शौकीनांना चांगलं आठवत असेल.

आणि याच स्प्रिंगच्या बंदुकीने आपल्या मुंबईत एक मोठी गोष्ट घडवली. सलीम अली हे १८९६ सालचे. आई-वडील लहानपणीच गेले, खेतवाडीत मामांकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे वाढले. मामांनी भाच्याला एक डेझी एअरगन दिली होती. त्या काळात श्रीमंत घरांतल्या मुलांना ती खेळणं म्हणून देत. पोरगा घराभोवतीच्या चिमण्या मारायचा. साधारण १९०८ साली त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग खायला चालते की नाही, अशी शंका आली. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथे मिलर्ड साहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेले कप्पे उघडून दाखवले. भारताच्या पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय तिथे सुरू झाला. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीवरूनच नाव दिलं.

ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. सांगावीच. पण तिची दुसरी बाजूही सांगावी. ती डेझी खेळण्यातली, सगळ्यात कमी जोराची बंदूक होती, तरी चिमणी मेली. हवेची बंदूक म्हणजे खेळणं असं म्हणणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे बहुतेक सगळे पक्षी संरक्षित आहेत, त्यामुळे आज तसं करणं गुन्हाच आहे.

आता गॅसच्या कुपीकडे वळू. पॉल जिफार नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नामी युक्ती काढली. हवा दाबत बसण्यापेक्षा कार्बन डाय ऑक्साइड द्रवरूपात भरून ठेवायचा. सोडावॉटरमध्ये असतो तोच वायू. थोडासा द्रव उडून वायू झाला की पुरेसा दाब मिळतो, मग एका छोट्या टाकीत पुष्कळ बार. पंप नको, जोर नको. आज दुकानात मिळणारी १२ ग्रॅमची बोटभर कुपी याच विचाराची.

पण या द्रवाचा दाब तापमानाच्या मुठीत असतो. १० अंश सेल्सिअसला तो हवेच्या दाबाच्या सुमारे ४५ पट, २० अंशाला ५७ पट, ३० अंशाला ७२ पट. आणि ३१ अंशांच्या वर गेलं की कार्बन डाय ऑक्साइड द्रव म्हणून राहतच नाही, कितीही दाबा. मग दाब किती होईल हे कुपीत तो किती ठासला आहे यावर ठरतं, आणि तो झपाट्याने चढतो. हे आकडे युरोपातल्या माणसाला पुस्तकी वाटतील. पुण्याच्या माणसाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं. डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास पारा आणि एप्रिलच्या दुपारी अडतीस-चाळीस! सकाळी साधलेला नेम दुपारी त्याच जागी लागणार नाही. शिवाय भराभर बार काढले की द्रव उडताना कुपी गार पडते आणि जोर उतरत जातो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ती कुपी विसरून येणं हा तर शुद्ध वेडेपणा. तरीही १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं जगातले उत्तमोत्तम नेमबाज गॅसच्या बंदुका वापरत होते. त्यांच्याकडे थंड हवामान होतं, आणि त्यांच्या दृष्टीने या बंदुकीत एक मोठा गुण होता. तो कोणता, ते सांगायला मला आता स्पर्धेच्या मैदानात जावं लागेल.

१० मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. या स्पर्धेचं लक्ष्य बघितलंत तर विश्वास बसणार नाही. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेनाने कागदावर दिलेल्या टिंबाएवढा. छर्रा मात्र साडेचार मिलिमीटरचा. दहा मीटरवरून त्या टिंबाच्या बरोबर मध्यावर छर्रा पाडायचा, आणि असे साठ बार.

आता स्प्रिंगच्या बंदुकीची अडचण पाहा. चाप ओढला की आधी जड दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे ढकलली जाते. मग दट्ट्या टोकाला आपटतो आणि बंदूक पुढे हिसका खाते. हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत! फुगा फोडायला याने काही बिघडत नाही, टिंबाला बिघडतं. म्हणून १९६०च्या दशकात जर्मन कारखान्यांनी हिसका मारून टाकायच्या युक्त्या शोधल्या. डायनाने दोन उलट दिशेने धावणारे दट्टे बसवले. फाइनवेर्कबाउने बंदुकीचा वरचा भाग रुळावर घसरेल असा केला, म्हणजे हिसका खांद्यापर्यंत पोचत नाही. १९७४ साली वाल्टरने स्प्रिंगच काढून टाकली. बाजूचा दांडा एकदाच ओढून हवा दाबायची, ती झडपेमागे थांबते, चाप ओढला की निमूट सुटते. एका दमाची बंदूक म्हणा. आत काहीच धावत नाही, म्हणून हिसका नाही. पण साठ वेळा तो दांडा ओढून हात भरून येतात आणि भरलेला हात थरथरतो. गॅसच्या बंदुकीचा मोठा गुण तो हाच: हिसका नाही आणि दमणूकही नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गॅस जाऊन तिथे २०० बार दाबाने भरलेल्या हवेचं नळकांडं आलं. गॅसची ऊन-थंडीची तक्रार हवेला जवळपास नाही. नळकांड्याला रेग्युलेटर असतो, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरला असतो तसाच. आतला दाब उतरत गेला तरी प्रत्येक बाराला तेवढाच दाब मिळतो. एकदा भरलं की दोन-एकशे बार आरामात निघतात.

मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते आता सांगतो. तलवारीपासून तोफेपर्यंत शस्त्रांचा इतिहास शिकवताना आपण एकच आलेख काढतो, जोर वाढत गेल्याचा. इथे तसं झालेलंच नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्यात साडेसात ज्यूलच्या आसपास ऊर्जा. स्प्रिंगच्या जमान्यातल्या स्पर्धेच्या बंदुकीचा जोर साधारण एवढाच होता, गॅसच्या जमान्यात एवढाच, आजच्या लाखमोलाच्या रायफलीचाही एवढाच. बाविसच्या काडतुसाची गोळी शंभर ज्यूलच्या पुढे जाते, त्यापुढे हा जोर काहीच नाही. साठ वर्षांची सगळी बुद्धी आणि पैसा खर्च झाला तो जोर वाढवायला नव्हे, हिसका आणि दमणूक घालवायला. जी काही ताकद वापरायची ती बार काढायच्या क्षणापासून शक्य तितकी दूर न्यायची, म्हणजे त्या क्षणी हातात फक्त स्थिरपणा उरेल.

आपल्या मुलींनी हे पुष्कळ आधी करून दाखवलं आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीला एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या, तेव्हा आपल्याकडे या खेळाची बातमी आतल्या पानावर यायची. सुमा शिरूर यांनी २००४ साली आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले आणि त्याच वर्षी अथेन्सला अंतिम फेरी गाठली. २००८मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने याच १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडानगरीला पुन्हा जाग आली. २०२२ साली कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील एअर रायफलचा जगज्जेता झाला. यातलं एकही यश जोराच्या बंदुकीने मिळालेलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. घरासाठी काय घ्यावं?

कायदा आधी. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठा, तिला परवाना लागतो. स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या कितीतरी आत आहे. दुकानात कोणी ‘जास्त पॉवरची’ म्हणून पुढे करू लागला तर ऐकून घ्यावं आणि निघून यावं. सरावाला त्या जोराचा उपयोग शून्य आहे.

दुसरी गोष्ट घरातली. स्प्रिंगची किंवा एका दमाची बंदूक कपाटात ठेवली की ती रिकामी असते. तिच्यात काहीही साठलेलं नसतं. शिवाय स्प्रिंग ताणायला मोठ्या माणसाचा जोर लागतो, सहा-सात वर्षांच्या पोराला ती सहजी ताणता येत नाही. हा जोर म्हणजे एक प्रकारचं कुलूपच आहे. भरलेल्या हवेच्या रायफलीला हे कुलूप नाही. खिट्टी दोन बोटांनी ओढता येते, आणि नळकांड्यात २०० बार दाब रात्रंदिवस बसलेला असतो. प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम दुप्पट असतो, त्यावरून अंदाज करा. नळकांड्यावर उत्पादकाने मुदत छापलेली असते, बहुधा दहा वर्षांची. मुदत संपलेलं नळकांडं स्पर्धेत चालत नाही, आणि ते योग्यच आहे. कोणी जुनी रायफल स्वस्तात देत असेल तर किमतीच्या आधी ती तारीख वाचावी.

तिसरी गोष्ट भरण्याची. नळकांडं भरायला तीन टप्प्यांचा हातपंप मिळतो, पाणबुड्यांचं मोठं सिलिंडर वापरता येतं, किंवा विजेचा कॉम्प्रेसर. जिरांदोनीचे दीड हजार दट्टे आज कमी झाले आहेत, पण घाम निघतोच. पावसाळ्यात पुण्याची हवा दमट असते, ती दाबली की तिच्यातलं पाणी आत साचतं, म्हणून ओल शोषणारी गाळणी लागते. म्हणजे बंदुकीबरोबर पंप आला, गाळणी आली, वायसर आले, दुरुस्ती आली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाने याचा विचार करावा.

माझं मत विचाराल तर असं आहे. भरलेल्या हवेची रायफल स्पर्धेसाठी लागतेच, पण सुरुवातीची एक-दोन वर्षं ती क्लबातली वापरावी. तिथे भरण्याची सोय असते आणि लक्ष ठेवणारा माणूस असतो. घरी छर्रे झाडायचेच असतील आणि मागे भक्कम आडोसा घालून दहा मीटर मोकळी जागा मिळत असेल, तर एका दमाची बंदूक सगळ्यात बरी. हिसका नाही, आणि एका वेळी एकाच बाराची हवा साठते. तिचा दांडा लहान मुलाला ओढवत नाही, म्हणून आई-बापांपैकी कोणीतरी शेजारी उभं राहून तो ओढावा लागतो. मला तर हा फायदाच वाटतो. जुनी स्प्रिंगची घरात असेल तर ती शिस्त शिकायला पुरेशी आहे. फक्त नळी मिटताना बोटं जपावीत, आणि छर्रा न घालता ती झाडू नये, दट्ट्या आपटून खराब होतो. गॅसची कुपी मात्र पुण्याच्या उन्हाळ्यात नको. कोणतीही घेतली तरी डोळ्यांना चष्मा, आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुणं, यात सूट नाही.

आणि सरावाचं म्हणाल, तर जाणते शिक्षक मुलांना घरी पुष्कळ वेळ ज्या गोष्टीला लावतात तिला हवा लागतच नाही. स्पर्धेच्या आधुनिक रायफलीत कोरा चाप ओढायची सोय असते. छर्रा नाही, हवा नाही, फक्त खटका. भिंतीवर टिंब लावायचं, उभं राहायचं, श्वास सोडायचा, टिंब स्थिर झालं की चाप ओढायचा, आणि ओढल्यानंतरही बंदूक तशीच धरून ठेवायची. २०२० साली टाळेबंदीत बालेवाडीसकट सगळी मैदानं बंद पडली, तेव्हा देशभरच्या नेमबाजांनी घराच्या भिंतीसमोर हेच केलं. नळकांडी भरून मिळत नव्हती, म्हणून त्यांचं फारसं अडलं नाही.

तेव्हा नात्यातल्या सगळ्या आई-बापांना माझं सांगणं एवढंच, की पहिले सहा महिने दुकानाची पायरी चढू नका. पोरगी रोज वीस मिनिटं भिंतीसमोर शांत उभी राहते का ते बघा. राहिली, तर मग बंदुकीचं आपण सगळे मिळून बघू. कंटाळली, तर लाखभर रुपये वाचले. असो.